अकरा प्रकार, मग पाच

२० ऑगस्ट १९२२, रविवार. पॅरिसच्या पूर्वेला व्हँसेनच्या वनात पर्शिंग स्टेडियम आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने ते १९१९ साली बांधून दिलं होतं. त्या दिवशी तिथे पाच देशांच्या ७७ मुली उतरल्या: फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंड आणि चेकोस्लोव्हाकिया. प्रेक्षक वीस हजारांच्या आसपास. स्पर्धेचं नाव ‘महिला ऑलिंपिक’, आणि सगळा कार्यक्रम एकाच दिवसात उरकायचा होता.

त्या दिवसाची पत्रिका अशी होती. धावण्यात ६० मीटर, १०० यार्ड, ३०० मीटर आणि १००० मीटर. १०० यार्ड अडथळ्यांची शर्यत. ४ × ११० यार्ड रिले. उंच उडी, लांब उडी, जागेवरून लांब उडी. दोन्ही हातांची गोळाफेक आणि दोन्ही हातांची भालाफेक. एकूण अकरा प्रकार. सहा वर्षांनी, १९२८ मध्ये, महिलांचं ॲथलेटिक्स खऱ्या ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा पत्रिकेवर पाच प्रकार होते. मान्यता मिळाली आणि खेळ निम्म्याहून कमी झाला. त्या काळाकडे बघताना माझं लक्ष सारखं या आकड्यांकडे जातं. विक्रम, पदकं, कोण कितव्या क्रमांकावर, हे सगळं नंतरचं. आधी शर्यत पत्रिकेवर असावी लागते.

ही पत्रिका जिने आखली ती आलिस मिलिया. जन्म १८८४ सालचा, नॉन्तचा. स्वतः वल्हवण्याच्या खेळातली, पोटापाण्यासाठी भाषांतराचं काम करणारी. १९१९ मध्ये ती फ्रान्सच्या महिला क्रीडा महासंघाची अध्यक्ष झाली आणि त्याच वर्षी तिने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे मागणी केली, की महिलांचं ॲथलेटिक्स ऑलिंपिकमध्ये घ्या. नकार आला. मिलियाने मग अर्जफाटे करत बसण्यापेक्षा स्वतःच स्पर्धा भरवायला घेतली. मार्च १९२१ मध्ये मॉन्टे कार्लोत पाच देशांची स्पर्धा झाली, २४ ते ३१ तारखेपर्यंत. ऑक्टोबरच्या ३१ तारखेला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय महिला क्रीडा महासंघ स्थापन झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये पर्शिंग. दीड वर्षाच्या आत स्पर्धा, संघटना आणि पुन्हा स्पर्धा, असा हा झपाटा होता.

मॉन्टे कार्लोचं मैदान म्हणजे कॅसिनोच्या खालच्या अंगाला, समुद्राकाठी असलेली कबुतरांच्या नेमबाजीची जागा. तिथे ६०, २५० आणि ८०० मीटर धावले, आणि रिले होत्या ४ × ७५ आणि ४ × १७५ मीटरच्या. आज ही अंतरं वाचली की चमत्कारिक वाटतात. पण तेव्हा महिलांसाठी ठरलेलं असं अंतरच कुठलं नव्हतं. इंग्लंड-अमेरिकेत यार्ड चालायचे, युरोपात मीटर. एका देशात ३०० मीटर धावायची पद्धत, दुसऱ्या देशात २५०. पर्शिंगच्या पत्रिकेत दोन्ही मापं शेजारी शेजारी दिसतात ती यामुळेच. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. म्हणून नोरा कॅलेबाउटने तिथे १०० यार्ड १२ सेकंदांत जिंकले, हे वाचून तिची तुलना पुढच्या १०० मीटरवाल्यांशी कुणी करू नये. जवळजवळ साडेआठ मीटर अंतर कमी आहे. ३०० मीटर तर पुढे मोठ्या स्पर्धांतून गेलंच, आणि मेरी लाइन्सची ४४.८ सेकंदांची वेळ एकटी पडून राहिली. लाइन्सने त्या दिवशी लांब उडीही जिंकली (५.०६ मीटर), आणि विजेत्या ब्रिटिश रिले संघातही ती होती. एका दिवसात तीन विजय, मधल्या वेळात वाळूच्या खड्ड्यापासून ट्रॅककडे आणि परत.

दोन्ही हातांची गोळाफेक हा प्रकार आता कुणी पाहिलेला नाही, म्हणून जरा नीट सांगतो. गोळा दोन्ही हातांत धरून फेकायचा नाही. आधी उजव्या हाताने फेक, मग डाव्या हाताने, आणि दोन्हींच्या सर्वोत्तम अंतरांची बेरीज. ही कल्पना महिलांसाठी म्हणून काढलेली नव्हती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गोळा, थाळी आणि भाला या तिन्हींत ती होती. शरीर दोन्ही बाजूंनी सारखं घडावं, अशी व्यायामशाळांची त्या काळची धारणा त्यामागे होती. पर्शिंगला अमेरिकेच्या ल्युसिल गॉडबोल्डने आठ पौंडी, म्हणजे ३.६३ किलोच्या गोळ्यावर २०.२२ मीटरची बेरीज केली आणि ती पहिली आली. २०.२२ हा आकडा एका फेकीचा समजून काही ठिकाणी आश्चर्य व्यक्त केलेलं दिसतं, ते चूक आहे. सरासरी काढली तर हाताला दहा मीटरच्या थोडी वर.

या प्रकारात हरायला होतं ते डाव्या हातामुळे. उजव्या हाताने फेकणारी खेळाडू वर्तुळाच्या मागच्या कडेला उजव्या पायावर उभी राहते, डावा पाय पुढे झटकत घसरत मध्यावर येते, आणि कंबर, खांदा, कोपर या क्रमाने जोर सोडते. डाव्या हाताने फेकताना हे सगळं आरशातल्यासारखं उलटं करायचं. हातात ताकद कमी असते हे खरं, पण त्याहून मोठा घोटाळा पायांचा होतो. सवयीचा पाय आधी उचलला जातो, मध्यावर येईस्तोवर कंबर उघडून जाते, आणि गोळा नुसत्या दंडाच्या जोरावर जातो. वर तोल पुढे गेला की पाय रेषेबाहेर आणि फेक बाद. उजव्या हाताने कितीही लांब गेलेला असो, डाव्या हाताची एक तरी वैध फेक लागतेच. त्यामुळे शहाणी खेळाडू डाव्या हाताची पहिली फेक जपून, जवळजवळ उभ्यानेच टाकायची आणि नंतर जोखीम घ्यायची. गॉडबोल्डसारखीचं मोठेपण उजव्या हाताइतकंच या डाव्या हाताच्या सरावात होतं. पुढे १९३० च्या आसपास हा प्रकार बंद झाला, एक हात आणि ४ किलोचा गोळा असं रूढ झालं, आणि ते कसब कायमचं गेलं.

धावण्याचंही तसंच. ट्रॅक सिंडरचा, म्हणजे कोळशाच्या जळक्या खड्यांचा, वरून रोलर फिरवून दाबलेला. स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. ते १९२० च्या दशकाच्या शेवटी निघाले आणि अधिकृत मान्यता मिळायला १९३७ उजाडलं. तोवर प्रत्येक धावपटूजवळ एक छोटी खुरपी असायची. सुरुवातीच्या रेषेमागे साधारण दोन पावलांच्या लांबीवर पुढच्या पायाचा खळगा, आणि त्यामागे, गुडघा टेकला की तो पुढच्या पायाच्या बोटांशी येईल अशा बेताने, मागच्या पायाचा खळगा. खळग्याची मागची भिंत सरळ उभी हवी, कारण पाय रेटायचा तो तिच्यावर. सिंडर कोरडा आणि सैल असला की ती भिंत पहिल्याच रेट्याला ढासळते, पाय मागे सटकतो, आणि ६० मीटरच्या शर्यतीत तिथेच सगळं संपतं. पाऊस पडून गेला असेल तर खळगा चांगला टिकतो, पण पुढे ट्रॅक जड होतो. आधीच्या फेरीतल्या मुलीने त्याच लेनमध्ये खळगे करून नीट बुजवले नसतील तर नवा खळगा जुन्यात फुटतो. म्हणून खळगे बुजवून, वरून पाय मारून घट्ट करणं हा शिष्टाचारच होता.

वेळांकडे जरा बारकाईने पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. पर्शिंगच्या वेळा घ्या: ६० मीटर ७.६, १०० यार्ड १२.०, अडथळे १४.४, ३०० मीटर ४४.८, रिले ५१.८. दशांशानंतरचा प्रत्येक आकडा सम आहे. १९२६ ला स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये भरलेल्या पुढच्या महिला स्पर्धेत २५० मीटर ३३.४, १००० मीटर ३ मिनिटं ८.८ सेकंद. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये १०० मीटर १२.२, रिले ४८.४. सगळे सम. कारण स्टॉपवॉच सेकंदाच्या पाचव्या भागाची होती. तिचं चक्र सेकंदाला पाच ठोके देतं आणि काटा त्या पाचांपैकी एका ठोक्यावरच थांबू शकतो, मधे नाही. त्यामुळे ७.६ या वेळेमागे प्रत्यक्षात ७.५ असेल किंवा ७.७ ही. १९३० च्या प्रागच्या महिला स्पर्धेत मात्र पोलंडची धावपटू स्तानिस्वावा वालासिएविच हिच्या वेळा दिसतात ७.७, १२.५ आणि २५.७. दशांश सेकंदाची घड्याळं तोवर आली होती. अशा जुन्या यादीत दोन धावपटूंमध्ये ०.२ चा फरक दिसला तर तो खरा फरक असेलच असं नाही. कधी कधी तो घड्याळाचा एक ठोका असतो.

दुसरी गफलत आवाजाची. वेळाधिकारी अंतिम रेषेपाशी उभे असतात, पिस्तूल शंभर मीटर लांब. आवाज तिथवर यायला जवळपास ०.३ सेकंद घेतो. म्हणून नियम असा, की घड्याळ सुरू करायचं ते नळीतून निघणारा धूर पाहून. ऊन डोळ्यांवर असलं, पिस्तुलामागे काळी पार्श्वभूमी नसली, की धूर दिसत नाही, वेळाधिकारी आवाजावर घड्याळ दाबतो, आणि धावपटूला ०.३ सेकंद फुकट मिळतात. तीन घड्याळं लावून मधली वेळ घ्यायची रीत होती, पण तिघेही आवाजावर चालले असतील तर मधलीही चुकीचीच.

उंच उडीबद्दल एवढंच सांगतो, की पलीकडे पडायला वाळू होती, गादी नव्हती. पाठीवर किंवा खांद्यावर पडणं म्हणजे दुखापत ओढवून घेणं. त्यामुळे कैची पद्धत: बाजूने तिरकं येऊन आधी आतला पाय, मग बाहेरचा पाय, आणि पायांवरच उतरायचं. यात कंबर दांडीच्या बरीच वर न्यावी लागते. पर्शिंगला हिल्डा हॅट आणि नॅन्सी व्हूरहीझ यांनी १.४६ मीटरवर बरोबरी केली, आणि १९२८ ला कॅनडाच्या एथेल कॅथरवुडने कैचीनेच १.५९ मीटर पार करून सुवर्ण घेतलं. डोकं पायांआधी दांडीपलीकडे जाता कामा नये हा नियमही होता. तो पाळला नाही म्हणून १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सनला बरोबरीत असूनही दुसऱ्या क्रमांकावर राहावं लागलं.

आता पत्रिकेकडे परत. ‘ऑलिंपिक’ हा शब्द मिलियाने वापरला, तो ऑलिंपिक समितीला खुपला. समितीला महिलांचं ॲथलेटिक्स नको होतं, आणि आपलं नाव दुसऱ्याने वापरलेलंही नको होतं. वाटाघाटी चालल्या त्या आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाच्या मध्यस्थीने. १९२६ पर्यंत सौदा ठरला: महिला महासंघाने ‘ऑलिंपिक’ हे नाव सोडायचं, आणि त्याच्या बदल्यात १९२८ ला ऑलिंपिकमध्ये महिलांचे पाच प्रकार, तेही प्रयोग म्हणून. मिलियाला याच्या दुप्पट हवे होते. तिने पाच घेतले. मग १९२६ ची गोथेनबर्गची स्पर्धा ‘महिलांचे जागतिक खेळ’ म्हणून भरली.

ब्रिटिश महिलांनी हे मान्य केलं नाही. पूर्ण पत्रिका मिळणार नसेल तर आम्ही येत नाही, असं सांगून त्यांचा ॲथलेटिक्स संघ ॲमस्टरडॅमला गेलाच नाही. १९२१-२२ मध्ये सर्वांत बलवान असलेला संघ पहिल्या महिला ऑलिंपिक ॲथलेटिक्समध्ये नाही, हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण मिलियाचंही पटतं. आत पाय ठेवल्याशिवाय पुढचं मागता येत नाही, असं तिला वाटलं असणार, आणि आपण नसलो तरी पाच प्रकार उरकले जातील, मग सहावा कधीच येणार नाही, ही भीतीही खरीच होती.

गोथेनबर्गला एक मुलगी सैबेरियाची रेल्वे धरून आली होती. किनुए हितोमी, जपानच्या ओकायामाची, वय १९, जपानकडून एकटीच. ओसाकाच्या मायनिची वृत्तपत्रात ती काम करायची. तिने लांब उडी ५.५० मीटरच्या विश्वविक्रमासह जिंकली, जागेवरून लांब उडी जिंकली, थाळीफेकीत पोलंडच्या हालिना कोनोपात्स्काच्या मागे दुसरी आली, १०० यार्डांत तिसरी. वैयक्तिक गुणांत सर्वांत वर तीच होती. तिचा सर्वांत मोठा प्रकार लांब उडी. मे १९२८ मध्ये ती ५.९८ मीटर उडाली. पण ॲमस्टरडॅमच्या पाचांत लांब उडी नव्हतीच. होतं ते १०० मीटर, ८०० मीटर, ४ × १०० रिले, उंच उडी आणि थाळीफेक. पत्रिकेवरून एक ओळ कमी झाली की काय होतं ते हितोमीवरून कळतं. जगातली सर्वोत्तम लांब उडीवाली १०० मीटरमध्ये उतरली आणि उपांत्य फेरीत बाद झाली. मग तिने ८०० मीटरला नाव दिलं. हे अंतर तिचं नव्हतं.

ती शर्यत २ ऑगस्ट १९२८ ची. आदल्या दिवशी तीन प्राथमिक फेऱ्या, २५ धावपटू, प्रत्येक फेरीतून तीन पुढे. अंतिम फेरीत नऊ. ट्रॅक ४०० मीटरचा, म्हणजे दोन फेऱ्या. जर्मनीची लिना राड्के २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली, हितोमी २:१७.६ दुसरी, स्वीडनची इंगा गेन्टसेल २:१७.८ तिसरी. एक महिन्यापूर्वी राड्केनेच २:१९.६ चा विश्वविक्रम केला होता. तिघीही त्याच्या आत होत्या. राड्केचा हिशेब शंभर मीटरला १७.१ सेकंद असा पडतो. हितोमी तिच्या मागे ०.८ सेकंद, म्हणजे त्या वेगाने पाच मीटरही नाही. धावण्याच्या इतिहासातली ही एक अतिशय चुरशीची शर्यत आहे.

वर्तमानपत्रांत मात्र वेगळंच छापून आलं. एका अमेरिकी पत्रकाराने लिहिलं, की अकरा जणी धावल्या, पाच जणींनी मध्येच सोडून दिलं, पाच जणी रेषा ओलांडून कोसळल्या. धावल्या नऊ, आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. उपलब्ध चित्रफितीत एक धावपटू रेषेपाशी पडताना दिसते. शर्यतीनंतर काही जणी गवतावर आडव्या झाल्या असतील. ८०० मीटर ज्याने कधी जीव तोडून धावले आहेत त्याला त्याचं नवल वाटणार नाही. दोन-सव्वादोन मिनिटं जवळजवळ पूर्ण वेगाने धावताना स्नायूंत आम्ल साठतं, आणि तोवर पिंडऱ्या प्रत्येक पावलाला रक्त वर ढकलत असतात. धावणारा रेषेवर एकदम थांबला की ते ढकलणं बंद होतं, रक्त पायांत उतरतं, डोक्याकडे कमी जातं, आणि माणूस बसतो किंवा पडतो. म्हणून शर्यतीनंतर थांबू नका, हळूहळू चालत राहा, असं प्रशिक्षक ओरडून सांगतात. पुरुषांच्या अंतिम फेरीतही आज निम्मे धावपटू जमिनीवर दिसतात. त्यात ॲमस्टरडॅमच्या मुलींपैकी बहुतेकींना या अंतराची सवय नव्हती. त्यांच्या देशांत ते क्वचितच धावलं जाई. पहिला चारशे वाजवीपेक्षा जोरात गेला तर दुसऱ्या चारशेच्या शेवटी पाय आवळून येतात, हे शिकायला पाच-सहा शर्यती लागतात, आणि त्या शर्यतीच त्यांना मिळाल्या नव्हत्या.

१९१२ च्या स्टॉकहोम मॅरेथॉनमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. मॅरेथॉन पत्रिकेवर राहिली. १९२४ ला पॅरिसच्या उन्हात पुरुषांच्या क्रॉस-कंट्रीत ३८ पैकी १५ जणच पोहोचले. त्यानंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून काढला हे खरं, पण पुरुषांना लांब अंतर झेपत नाही असा निष्कर्ष कुणी काढला नाही. त्यांचे ५००० आणि १०,००० मीटर तसेच चालू राहिले. महिलांच्या बाबतीत मात्र शेवटी एक मुलगी पडली, आणि तेवढ्यावर ८०० मीटर काढून टाकले. ते परत आले १९६० ला रोममध्ये. मधे ३२ वर्षं गेली. राड्केचा २:१६.८ हा अधिकृत विश्वविक्रम १९४४ पर्यंत कुणी मोडला नाही असं यादीत दिसतं. १९३४ ला लंडनमध्ये २:१२.४ धावल्याची नोंद झाली होती, पण ती धावपटू पुढे झ्डेनेक कोऊबेक या नावाने पुरुष म्हणून राहू लागली आणि ती नोंद पुसली गेली. सोळा वर्षं टिकलेल्या विक्रमाचं कारण राड्केचा वेग जितकं आहे तितकंच ही शर्यत ऑलिंपिकमधून नाहीशी झाली हेही आहे.

मिलियाचे जागतिक खेळ चालू होते तोवर निदान दुसरीकडे जागा होती. १९३० ला प्रागमध्ये १७ देश आले. हितोमी या वेळी सहा जणींचा संघ घेऊन आली, लांब उडी ५.९० ने जिंकली, आणि प्रागनंतर तो संघ युरोपात आणखी सामने खेळत फिरला. पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट १९३१ ला, न्यूमोनियाने ती गेली. वय २४. ॲमस्टरडॅमच्या शर्यतीला बरोबर तीन वर्षं झाली होती. ऑलिंपिक ॲथलेटिक्समध्ये जपानी महिलेचं पुढचं पदक १९९२ च्या बार्सिलोना मॅरेथॉनमध्ये युको अरिमोरीने जिंकलं. तीही ओकायामाचीच.

१९३४ ला लंडनच्या व्हाइट सिटीत १९ देश आणि बारा प्रकार होते. ६०, १००, २००, ८०० मीटर, ८० मीटर अडथळे, रिले, दोन्ही उड्या, तिन्ही फेकी, आणि पाच प्रकारांचं पेंटॅथलॉन. ही त्या काळातली महिलांची सर्वांत परिपूर्ण पत्रिका. मिलिया ऑलिंपिककडे आता हीच मागत होती: पूर्ण कार्यक्रम द्या. १९३६ ला तिची संघटना संपली. कारभार आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाकडे गेला, त्यांनी महिलांचे विक्रम मान्य केले, आणि जागतिक खेळ बंद झाले. त्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये महिलांचे प्रकार होते सहा. लंडनचे बारा वायाच गेले असं म्हणता येणार नाही: २००, लांब उडी आणि गोळा १९४८ ला आले, ८०० १९६० ला, पेंटॅथलॉन १९६४ ला. एक एक करून परत मिळवायला तीस वर्षं लागली.

बर्लिनच्या सहांत रिले होती, आणि त्या रिलेत १९२८ चे दोन धागे एकत्र येतात. अमेरिकेच्या बेटी रॉबिन्सनने ॲमस्टरडॅमला १६ व्या वर्षी १०० मीटर जिंकले होते. १९३१ मध्ये विमान अपघातात तिचा पाय मोडला आणि गुडघा पुरता वाकेना. खळग्यात बसून सुरुवात करणं तिला शक्यच राहिलं नाही, म्हणजे १०० मीटर कायमचे गेले. पण रिलेत फक्त पहिली धावपटू बसून निघते, बाकीच्या तिघी उभ्याने धावत बॅटन घेतात. रॉबिन्सन तिसऱ्या टप्प्यावर धावली. जर्मनीचा संघ पुढे होता, आणि त्यांच्या तिसऱ्या टप्प्यावर होती मारी डोलिंगर, १९२८ च्या त्या ८०० मीटरची अंतिम फेरी धावलेली. डोलिंगरकडून शेवटच्या धावपटूकडे जाताना बॅटन खाली पडली. अमेरिका ४६.९ सेकंदांत जिंकली. आठ वर्षांपूर्वी कोसळल्या म्हणून जगभर बदनाम झालेल्या नऊ जणींपैकी एक अजून जगातल्या सर्वांत वेगवान रिले संघात होती, हे त्या पत्रकारांपैकी कुणाच्या लक्षात आलं असेल का, कोण जाणे.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध थेट आहे. मार्च १९५१ ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले तेव्हा महिलांची पत्रिका लंडन १९४८ ऑलिंपिकसारखी नऊ प्रकारांची होती. त्यात सर्वांत लांब वैयक्तिक शर्यत २०० मीटरची. मुंबईची रोशन मिस्त्री १०० मीटरमध्ये दुसरी आली, मेरी डिसूझा २०० मीटरमध्ये तिसरी, आणि रिलेत भारताला रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी मेरी डिसूझा हेलसिंकी ऑलिंपिकला १०० आणि २०० मीटर धावली. भारताच्या पहिल्या महिला ऑलिंपिक धावपटू सगळ्या कमी अंतराच्याच का, याचं एक कारण इथे आहे. ज्या मुलींचा दम लांब पल्ल्याचा होता त्यांना दाखवायला शर्यतच नव्हती. १५०० मीटर १९७२ ला आले, ३००० मीटर आणि मॅरेथॉन १९८४ ला, १०,००० मीटर १९८८ ला, ५००० मीटर १९९६ ला. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्यावरच्या उड्यांची शर्यत, तर २००८ ला.

महाराष्ट्राची अलीकडची मोठी नावं नेमकी या उशिरा उघडलेल्या शर्यतींतली आहेत. नाशिकची कविता राऊत १०,००० मीटरची, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिसरी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर स्टीपलचेसची, २०१६ ला रिओत अंतिम फेरीत दहावी. प्राथमिक फेरीत तिने ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम केला. २८ अडथळे आणि पाण्याच्या सात उड्यांसह तिचा दर हजार मीटरला सुमारे ३ मिनिटं ६.६ सेकंद पडला. पर्शिंगला १९२२ मध्ये फ्रान्सच्या ल्युसी ब्रेआरने सपाट सिंडरवर नुसते १००० मीटर जिंकले ते ३ मिनिटं १२ सेकंदांत. आणि १००० मीटर हे अंतर ऑलिंपिकच्या पत्रिकेवर आजही नाही, ना महिलांच्या, ना पुरुषांच्या.